‘बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका’

चिठ्ठी लिहून देताना डॉक्टर हे सांगतात, पाकीट कापून देताना मेडिकलवाला सांगतो, आणि घरी उशाशी बसलेली आईही तेच बजावते: कोर्स पूर्ण कर, अर्धवट सोडलास तर पुढच्या वेळी औषध लागू पडणार नाही. अँटिबायोटिक म्हणजे नेमके काय, ते कोणत्या जंतूवर चालते आणि कोणत्या आजारात त्याचा काडीचाही उपयोग नसतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येत नाही. ही एक सूचना मात्र सगळ्यांना पाठ आहे. गेल्या सत्तर वर्षांत प्रतिजैविकांबद्दल समाजाच्या मनात खोलवर रुजलेली बहुधा ही एकमेव गोष्ट असावी.

ती आली कुठून, हे शोधू लागले की एका उगमापाशी पोचता येत नाही. ऑक्सफर्डचे एक रुग्णालय, मद्रासच्या गरीब वस्त्या आणि अमेरिकेतला एक लष्करी तळ अशा तीन ठिकाणी वाट फुटते. तिन्हीकडे आजार वेगळा होता आणि भीतीही वेगळी होती. पुढे त्या भीती एकमेकींत मिसळल्या आणि सगळ्या आजारांसाठी एकच वाक्य तयार झाले. पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा इतिहास वाचून कुणी चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत, टीबीच्या तर मुळीच नाहीत. या सूचनेचा सर्वांत भक्कम आधार टीबीतच आहे.

पहिली वाट ऑक्सफर्डची. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथल्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या ४३ वर्षांच्या पोलिसाला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. चेहऱ्यावरचा संसर्ग डोक्यापर्यंत पसरला होता, गळवे झाली होती, एक डोळा काढावा लागला होता. तिथल्या फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांच्या गटाने आदल्या वर्षी आठ उंदरांवर प्रयोग केला होता. औषध दिलेले चार उंदीर जगले आणि न दिलेले चार रात्रीतच मेले. माणसाला पुरेल इतके औषध मात्र कुणाजवळच नव्हते. रुग्णालयातली बेडपॅन वापरून त्यांत बुरशी वाढवण्यापर्यंत हीटली यांची धडपड चालली होती. अलेक्झांडरला दर तीन तासांनी औषध मिळू लागले. एका दिवसात ताप उतरू लागला, भूक लागली, सूज ओसरली. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिनसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाही म्हणून ती सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, त्यातून औषध पुन्हा वेगळे काढत आणि त्यालाच टोचत. पाचव्या दिवशी साठा संपला. काही दिवस तो स्थिर राहिला, मग संसर्ग उलटला, आणि १५ मार्चला तो गेला.

आधुनिक प्रतिजैविकांच्या इतिहासातला हा पहिला अपुरा राहिलेला कोर्स. तो रोग्याच्या हलगर्जीपणाने राहिला नाही, औषधच संपले म्हणून राहिला. अलेक्झांडरच्या अंगातले जंतू पेनिसिलिनला निर्ढावले होते असेही कुठे नोंदलेले नाही. ते पुरते मेले नव्हते आणि औषध थांबताच पुन्हा वाढले, इतकेच. ‘अपुरे औषध दिले तर आजार उलटतो’ आणि ‘अपुरे औषध दिले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले ऑक्सफर्डच्या खाटेवर सिद्ध झाले. दुसरे पुढच्या काही वर्षांत त्याला येऊन चिकटले.

ते चिकटवण्यात पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या एका भाषणाचा मोठा वाटा आहे. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. कुणा एका गृहस्थांचा घसा दुखतो. ते दुकानातून पेनिसिलिन आणतात आणि थोडेसेच घेतात. त्याने घशातले स्ट्रेप्टोकोकाय मरत नाहीत, उलट औषधाशी सामना करायला शिकतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. दोष कुणाचा, तर नवऱ्याचा. घ्यायचेच असेल तर पुरेसे घ्या, असा फ्लेमिंग यांचा सांगावा होता. त्या काळी हा इशारा अगदी योग्य होता. त्याच वर्षी मार्चपासून अमेरिकेत पेनिसिलिन सर्वसामान्य औषध दुकानांत मिळू लागले होते. ब्रिटनने पुढे १९४७ साली स्वतंत्र कायदा करून ते डॉक्टरच्या चिठ्ठीला बांधले. फ्लेमिंग यांनी प्रयोगशाळेतल्या बश्यांमध्ये जंतूंना हळूहळू वाढत्या मात्रेत पेनिसिलिनची सवय होताना पाहिले होते, त्यामुळे ते हवेत बोलत नव्हते.

तरीही त्या गोष्टीतला नेमका तो जंतू पुढे तसा वागला नाही. घसा धरणाऱ्या ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसवर आज, ऐंशी वर्षांनंतरही, पेनिसिलिनच चालते. या काळात जगभर कोट्यवधी लोकांनी त्या जंतूसाठी पेनिसिलिन घेतले आणि अर्धवट सोडलेही. दाद देईनासे झाले ते दुसरेच जंतू. गोष्ट मात्र सर्वांच्या लक्षात राहिली, आणि तिच्यातला आरोपीही: घरी बसून थोडे औषध घेणारा माणूस.

दुसरी वाट टीबीची, आणि माझ्या मते या सूचनेचे खरे माहेर इथे आहे. १९४३ साली वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. टीबीच्या जंतूला मारणारे पहिले औषध हाती आले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते आणि ५२ जणांना त्या काळचा एकमेव उपचार, म्हणजे खाटेवरची विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्या गटातले १४ जण दगावले. इतका फरक टीबीच्या डॉक्टरांनी तोवर कधी पाहिला नव्हता. पण त्याच अहवालात पुढचा धक्काही होता. औषध चालू असतानाच बहुतेकांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. सुधारलेले रोगी पुन्हा खालावले आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन गटांतले अंतर फार थोडे उरले होते.

टीबीत हे असे का घडते, ते आकड्यांत सांगता येते. हा जंतू वाढत असताना दर दहा लाखांत सुमारे एक जंतू आपसूकच आयसोनियाझिड या औषधाला न बधणारा निपजतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे दहा कोटींत एक आहे. फुप्फुसातल्या एका मोठ्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि आधीपासून हजर असलेले ते मूठभर मोकळ्या रानात वाढतात. दोन-तीन औषधे एकत्र दिली तर सगळ्यांना एकदम चुकवणारा जंतू सापडणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय काही जंतू अर्धवट झोपेत असतात, फारसे वाढत नाहीत आणि म्हणून लवकर मरतही नाहीत. त्यांच्यासाठी औषध महिनोन्‌महिने चालू ठेवावे लागते. १९५२ साली आयसोनियाझिड आल्यावर तीन औषधांचा, दीड ते दोन वर्षांचा उपचार रूढ झाला.

आता अडचण औषधाची राहिली नव्हती, माणसाच्या दिवसांची होती. टीबीच्या रोग्याला महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागते. ताप जातो, खोकला कमी होतो, वजन वाढते, कामावर जाता येते. घरात खाणारी तोंडे असतात. अशा माणसाने पुढचे दीड वर्ष रोज मूठभर गोळ्या गिळायच्या, त्यातल्या पीएएस या औषधाने पोट बिघडत असताना! १९५६ साली मद्रासला चेतपेट इथे टीबी केमोथेरपी सेंटर सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, मद्रास सरकार आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा तो एकत्रित उपक्रम होता, आणि त्याचे नेतृत्व करायला वॉलेस फॉक्स इंग्लंडहून आले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. देशात सॅनेटोरियमच्या खाटा मूठभर आणि रोगी लाखांनी, तर माणसे घरीच बरी होतील का?

त्यांनी गरीब वस्त्यांतले रोगी घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष आले. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नव्हती. मिरजेसारख्या हवेशीर ठिकाणच्या सॅनेटोरियमचे युग संपवणारा हा निकाल मद्रासमधून निघाला, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटायला हवा. पण त्या अभ्यासाचे दुसरे अंगही तितकेच मोलाचे आहे. रोगी गोळ्या घेतो की नाही हे कळावे म्हणून मद्रासच्या कर्मचाऱ्यांनी लघवी तपासली. न कळवता घरी जाऊन डब्यातल्या गोळ्या मोजल्या. घेतो म्हणणारे सगळेच घेत नाहीत, आणि कोण घेणार नाही हे आधी ओळखता येत नाही, हे तिथे प्रथम इतक्या बारकाईने नोंदले गेले. फॉक्स यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष माणुसकीचा होता. रोग्याला दटावून भागणार नाही, औषध पोटात जाईल अशी व्यवस्थाच उभी करायला हवी. आठवड्यातून दोनदा, कुणाच्या तरी समोर औषध देण्याच्या मद्रासच्या चाचणीचा अहवाल १९६४ साली आला. त्याच विचारातून पुढे टीबीच्या रोग्याला समोर औषध देण्याची ‘डॉट्स’ पद्धत आली.

आपल्याकडे १९९७ पासून राबवलेल्या सुधारित टीबी कार्यक्रमात त्या विचाराला एक मूर्त रूप मिळाले होते. आरोग्य केंद्रातल्या कपाटात प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक खोका असे. नव्या रोग्यासाठी लाल, आधी उपचार घेतलेल्यासाठी निळा. त्या खोक्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची सगळी औषधे आधीच भरलेली असत. साठा संपला म्हणून तुमचा उपचार तुटणार नाही, हे सरकारने रोग्याला दिलेले आश्वासन त्यात होते. अलेक्झांडरच्या वेळी नेमके तेच देता आले नव्हते. ‘कोर्स पूर्ण करा’ म्हणताना कोर्स पुरवण्याची जबाबदारी सांगणाऱ्याने आधी स्वतःवर घेतली होती. दुसऱ्या कोणत्याही आजारात ही सूचना इतक्या प्रामाणिकपणे दिली गेल्याचे मला तरी दिसत नाही.

तिसरी वाट छोटी आहे, पण ‘दहा दिवस’ हा आकडा तिच्यावर सापडतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात फोर्ट वॉरन नावाचा लष्करी तळ होता. तिथे बराकीत दाटीने राहणाऱ्या तरुण जवानांत घशाचा संसर्ग सारखा पसरे, आणि त्यांतल्या काहींना पुढे संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडत. रॅमलकॅम्प, डेनी, वॅनमेकर या डॉक्टरांनी तिथे घसा धरलेल्या जवानांपैकी सुमारे ८०० जणांना पेनिसिलिन दिले आणि तितक्याच जणांना दिले नाही. १९५० साली त्यांनी जाहीर केले: औषध न दिलेल्यांत १७ जणांना संधिवाती ताप आला, दिलेल्यांत २ जणांना. पुढच्या अभ्यासांत दिसले की हृदय वाचवायचे तर जंतू घशातून पुरता नाहीसा व्हावा लागतो आणि त्याला साधारण दहा दिवस लागतात. घसा दोन-तीन दिवसांत दुखायचा थांबतो, पण झडपेवरचा धोका तेवढ्याने टळत नाही. म्हणून बरे वाटले तरी दहा दिवस. भारतातल्या सरकारी रुग्णालयांत झडपा निकामी झालेल्या शाळकरी मुली आणि तरण्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दहा दिवसांचे मोल वेगळे सांगायला नको. पण लक्षात घ्या, इथे प्रतिरोधाचा, म्हणजे जंतू औषधाला न बधण्याचा, संबंधच नव्हता. दहा दिवस हृदयासाठी होते.

ऑक्सफर्डला भीती आजार उलटण्याची, मद्रासला न बधणारे जंतू वाढण्याची आणि वायोमिंगला हृदय बिघडण्याची. १९५० आणि ६० च्या दशकांत प्रतिजैविके स्वस्त होत गेली, नवनवीन निघाली, आणि या तीन कारणांची सरमिसळ होऊन एक सरसकट नियम झाला. न्यूमोनियाला सात किंवा दहा, लघवीच्या संसर्गाला सात, रक्तात जंतू गेले तर चौदा. यातले बरेचसे आकडे मोजूनमापून ठरलेले नव्हते. आठवड्याचे दिवस सात, हाताची बोटे दहा, अशा सोयीने ते पाठ्यपुस्तकांत बसले, आणि एकदा बसल्यावर त्यांना कुणी हात लावला नाही.

आपल्याकडे विपुलता आली ती पिंपरीहून. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषध कारखाना, पुणेकरांच्या तोंडी नुसता ‘एचए’. १९५५ साली तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशातून येणाऱ्या महागड्या कुप्यांवर विसंबून असलेल्या देशात तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती पेनिसिलिन पोचवणे हे फार मोठे काम होते. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, साध्या जखमेने माणसे जाण्याचे दिवस त्या कामाने मागे सारले.

पण ते औषध ज्या दवाखान्यांत पोचले तिथली रीत वेगळी होती. डॉक्टरकडे मिक्श्चरची बाटली मिळे. बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक डोस. जोडीला कागदाच्या पुड्या, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या. औषध दोन दिवसांचे, आणि निरोप असा: फरक पडला नाही तर परवा दाखवायला या. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दोन दिवसांचेच परवडे. बरे वाटले की तो जाई कशाला? अँटिबायोटिक याच पुडीत, नाव न सांगता, इतर गोळ्यांबरोबर जाऊन बसले. पुढे चिठ्ठीवर औषध आणायची पद्धत आली तेव्हाही काउंटरवर प्रश्न असतो, ‘किती देऊ?’ आणि दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात. कोर्स पूर्ण करण्याची सूचना इथे येईपर्यंत, कोर्स कोणता आणि किती दिवसांचा हे रोग्याला सांगण्याची पद्धतच नव्हती. तुटत होता तो उपचार पुष्कळदा खिशापाशी तुटत होता.

आणि पूर्ण केलेला कोर्स तरी बरोबर होता का? १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना टीबीच्या रोग्यासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली. त्यांतून ८० निरनिराळे उपचार निघाले. वीस वर्षांनी झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी उपळेकरांना बरोबर घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टरांकडून ६३ वेगवेगळे उपचार आले, आणि त्यांतल्या ६ जणांनी योग्य चिठ्ठी लिहिली होती. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. बाकीच्या शंभर चिठ्ठ्यांतली एखादी घेऊन जो माणूस घरी गेला, त्याने सांगितल्याप्रमाणे शेवटची गोळीसुद्धा इमानाने घेतली असेल. त्याच्या फुप्फुसात जे घडले असेल त्याचा दोष त्याच्यावर कसा टाकायचा? २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून उदवाडिया यांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या रोग्यांविषयी लिहिल्याची बातमी देशभर गाजली. ते जंतू एका माणसाच्या विसराळूपणातून तयार होत नाहीत. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका चुकीच्या चिठ्ठीवरून दुसरीवर असा त्यांचा प्रवास होतो.

सरकारी पातळीवर हालचाल झाली ती त्यानंतर. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्युल एच-१’ लागू झाले. ४६ औषधे, त्यांत २४ प्रतिजैविके आणि टीबीवरची औषधे. ती विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव लिहायचे आणि वही तीन वर्षे सांभाळायची. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लाल रेषेची मोहीम काढली. पाकिटाच्या पाठीमागे कडेला उभी लाल रेष असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि दिलेला कोर्स पूर्ण करा, असे ती सांगे. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल अशी ही खूण होती आणि जगात तिचे कौतुक झाले. मात्र रेष आहे कडेला. चार गोळ्या कापून घेतल्या की पुष्कळदा ती दुकानातच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांत सुमारे दहा हजार लोकांना प्रश्न विचारले, त्यांत भारतही होता. एकूण ७६ टक्के लोकांना वाटत होते की प्रतिरोध म्हणजे आपल्या शरीराला औषधाची सवय होणे. ‘फार गोळ्या खाल्ल्या की अंगात मुरतात, मग लागू पडत नाहीत,’ हे आपण घरोघरी ऐकतो तेच. शरीर निर्ढावत नाही, जंतू निर्ढावतात, आणि ते जंतू शेजाऱ्याकडे, नातवाकडे, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाकडे जातात. आपल्याच अंगाला सवय होते असे मानणाऱ्याला परिणाम स्वतःपुरता वाटतो. भारतातल्या ७५ टक्के लोकांच्या मते सर्दी आणि फ्लू अँटिबायोटिकने बरे होतात. कोर्स संपवूनच थांबायचे, हे मात्र ५८ टक्क्यांना माहीत होते. सुरूच करायला नको अशा ठिकाणी औषध सुरू करून ते शेवटपर्यंत घ्यायचे, असा आपल्या शहाणपणाचा एकूण हिशेब त्या आकड्यांत दिसतो.

दरम्यान विज्ञान दुसरीकडे पोचले होते. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे असे जंतू सापडले होते की जे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवले की ही क्षमता एक जंतू दुसऱ्या जंतूला देतो, वेगळ्या जातीच्या जंतूलाही. त्यानंतर प्रतिरोधाचे चित्रच बदलले. टीबीत प्रश्न त्या एका जंतूचा आणि त्या एका माणसाचा. पण आज रुग्णालयांत माणसे ज्यांच्यामुळे दगावतात ते ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यासारखे जंतू एरवी आपल्या आतड्यांत निरुपद्रवी राहतात. घशासाठी घेतलेली गोळी आतड्यांतून जाते तेव्हा तिथल्या त्यांच्यावरही मारा होतो. न बधणारे उरतात आणि वाढतात, आणि औषध जितके दिवस चालेल तितके दिवस हे होत राहते. म्हणजे टीबीखेरीजच्या बहुतेक संसर्गांत गरजेपेक्षा जास्त लांबवलेला कोर्स प्रतिरोधाला हातभार लावतो.

२६ जुलै २०१७ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्टिन लेवेलिन आणि सहकाऱ्यांनी हे उघडपणे मांडले. लवकर थांबल्याने प्रतिरोध वाढतो याला बहुतेक आजारांत पुरावा नाही, गरजेपेक्षा जास्त घेतल्याने वाढतो याला आहे, तेव्हा ‘कोर्स पूर्ण करा’ हे सांगणे सोडून द्यावे, असे ते म्हणाले. पुष्कळ डॉक्टर अस्वस्थ झाले. इतकी वर्षे पढवलेली एकमेव गोष्ट मागे घेतली तर लोक काय समजतील, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणांनी ‘पूर्ण करा’ऐवजी ‘सांगितल्याप्रमाणेच घ्या’ असे म्हणायला तोवर सुरुवात केली होती. मला हा बदल योग्य वाटतो. एक अट मात्र हवी: सांगणाऱ्याने किती दिवस आणि का, हे खरोखर सांगितले पाहिजे.

ते दिवस आता मोजले जात आहेत, आणि त्यात आपलाही वाटा आहे. भारतातल्या सात केंद्रांत पाच वर्षांखालच्या २१८८ मुलांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. गंभीर नसलेल्या न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन तीन दिवस दिलेली ८९.५ टक्के मुले बरी झाली, पाच दिवस दिलेली ८९.९ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बॅलन्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. सात देशांतले, रक्तात जंतू सापडलेले ३६०८ रोगी. सात दिवस औषध दिलेल्यांपैकी १४.५ टक्के लोक ९० दिवसांत दगावले, चौदा दिवसवाल्यांपैकी १६.१ टक्के. इतक्या भयंकर आजारातही दुसऱ्या आठवड्याच्या औषधाने काही साधले नव्हते.

टीबीत मात्र अशी काटछाट सहज जमली नाही. सहा महिन्यांचा उपचार नव्या औषधांच्या बळावर चार महिन्यांवर आणू पाहणाऱ्या तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले. तिन्ही ठिकाणी चार महिन्यांत थांबवलेल्यांपैकी जास्त लोकांचा आजार उलटला. संधिवाती तापाची भीती आहे तिथे घशाचे दहा दिवसही अजून आपल्या जागी आहेत. उपचार कुठे कमी करता येतो आणि कुठे नाही, हे चाचण्यांतूनच ठरते. ते ना रोग्याच्या बरे वाटण्यावरून ठरवता येते, ना डॉक्टरच्या सवयीवरून.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत आजारागणिक दिवस दिले आहेत. त्वचेच्या संसर्गाला ५, घरी असताना झालेल्या न्यूमोनियाला ५, रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियाला ८. सौम्य ताप आणि विषाणूमुळे झालेला ब्राँकायटिस यांत तर प्रतिजैविक देऊच नका, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर पावसाळ्यात बसलेल्या रांगेतले बहुतेक लोक याच दोन कारणांनी आलेले असतात.